नाणं वर जाताना त्याच्यावर बल कुठल्या दिशेला? गती, बल, ऊर्जा मुलांना खरंच कळली का ते तपासण्याची रीत

एक नाणं घ्या, सरळ वर उडवा आणि झेला. मग वर्गाला विचारा: नाणं हातातून सुटलंय पण अजून वर चाललंय, त्या वेळी त्याच्यावर कोणकोणती बलं आहेत? हवेचा विरोध धरू नका.

मी हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो अगदी सहज. घटक चाचणीचे पेपर वाटून झाले होते आणि तास संपायला पाच मिनिटं उरली होती. चाचणी झकास गेली होती. ‘बल = वस्तुमान × त्वरण’ लावून बहुतेकांनी उदाहरणं बिनचूक सोडवली होती, एकक विसरणारेसुद्धा फार नव्हते. नाण्याच्या प्रश्नाला मात्र बरोबर उत्तरासाठी वर आलेले हात बोटांवर मोजता आले. बाकीच्यांचं म्हणणं असं होतं: नाण्याला वर नेणारं एक बल असतं, ते हळूहळू कमी होतं, टोकाला पोचल्यावर वजनाइतकं होतं म्हणून नाणं क्षणभर थांबतं, आणि मग वजन जिंकतं.

गोष्ट छान जुळवलेली आहे, पण चूक आहे. हातातून सुटल्यापासून पुन्हा हातात येईपर्यंत नाण्यावर एकच बल असतं, त्याचं वजन, आणि ते पूर्ण वेळ खालीच असतं. अगदी वरच्या टोकालाही. तिथे वेग शून्य असतो, त्वरण मात्र खालच्या दिशेला ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, जेवढं बाकी वाटेवर तेवढंच. हे सांगितल्यावर पेपरात पैकीच्या पैकी मिळवलेली एक मुलगी म्हणाली, “सर, पण वर नेणारं बलच नाही, तर ते वर जातंच कसं?”

तिचा पेपर मी तपासला होता. तिच्या डोक्यातला हा प्रश्न त्या पेपरात कुठेच दिसला नव्हता, कारण मी तो दिसेल असं काही विचारलंच नव्हतं. हा लेख त्याबद्दल आहे. हे विषय नव्याने शिकवू लागलेल्यांनी प्रश्न कसे काढावेत, कसे विचारावेत आणि उत्तरांचं पुढे काय करावं, हे मी स्वतः ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने सांगतो.

त्याआधी त्या मुलीच्या बाजूने दोन शब्द. फेकलेल्या वस्तूत फेकणाऱ्याने काहीतरी ‘भरलेलं’ असतं आणि ते तिला पुढे नेतं, हा विचार १४व्या शतकात पॅरिसच्या ज्याँ ब्युरिदाँने व्यवस्थित मांडला होता. त्याला ‘इम्पेटस’ म्हणत. तो मोडायला गॅलिलिओ आणि न्यूटन यावे लागले. दोन आठवड्यांच्या आपल्या शिकवण्याने तो आपोआप पुसला जाईल, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

पहिली पायरी: शब्दांचा गोंधळ आधी पाहून घ्या

नवे शिक्षक ही पायरी हमखास गाळतात. मराठीत शिकवणाऱ्याला तर ती गाळून चालतच नाही, कारण आपले सगळे शब्द आधीच कामाला लागलेले असतात.

‘जोर’ हा शब्द घ्या. “चेंडूत जोर होता”, “जोर लावून ढकल”, “गाडी जोरात होती”. पहिल्या वाक्यात संवेग (वस्तुमान × वेग) किंवा गतिज ऊर्जा आहे, दुसऱ्यात बल, तिसऱ्यात चाल. मुलाच्या डोक्यात हे तिन्ही मिळून एकच ‘जोर’ असतो. नाण्याला वर नेणारं बल म्हणून मुलं जे सांगतात ते बहुधा हेच. नाण्यात काहीतरी आहे हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. नाण्याला वरच्या दिशेचा वेग आहे, संवेग आहे. त्याला ‘बल’ हे नाव देण्यात चूक होते.

‘गती’चंही तसंच. पाठ्यपुस्तकात गती म्हणजे जागा बदलत राहणं, आणि बोलताना “गती कमी कर” म्हणजे चाल कमी कर. ‘शक्ती’ म्हणजे पुस्तकात कार्य करण्याचा दर, बाहेर अंगातली ताकद. ‘वजन’ घरी किलोत असतं, वर्गात न्यूटनमध्ये. आणि ‘प्रतिक्रिया’ हा शब्द तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमाच्या (प्रत्येक क्रिया बलाला तेवढंच, उलट दिशेचं प्रतिक्रिया बल असतं) मुळावरच आलाय. आपल्या बोलण्यात प्रतिक्रिया नेहमी नंतर येते. आधी कोणी काहीतरी करतं, मग दुसऱ्याची प्रतिक्रिया. त्यामुळे मुलांना वाटतं की क्रिया बल आधी लागतं आणि प्रतिक्रिया बल मागाहून. खरं तर दोन्ही एकाच क्षणी असतात आणि कुठल्याही एकाला ‘क्रिया’ म्हटलं तरी चालतं. मी आता ‘बलांची जोडी’ म्हणतो. परीक्षेत नियम लिहिण्यापुरते जुने शब्द ठेवले आहेत.

तपासायची सोपी युक्ती: प्रकरण सुरू करण्याआधी मुलांना या शब्दांची रोजच्या बोलण्यातली प्रत्येकी दोन वाक्यं लिहायला सांगा. गुण नाहीत, नाव नको. दहा मिनिटांत कुठला शब्द कुठे अडकणार आहे त्याचा नकाशा तुमच्या हातात येतो.

दुसरी पायरी: चुकीची वाक्यं गोळा करा

चांगल्या प्रश्नात बरोबर पर्यायापेक्षा चुकीचे पर्याय जास्त महत्त्वाचे असतात. ते स्वतःच्या मनाने रचू नका. आपण रचलेला चुकीचा पर्याय आपल्याला मूर्खपणाचा वाटतो तसाच मुलांनाही वाटतो, आणि त्याला कोणी हात लावत नाही. मग चार पर्यायांचा प्रश्न प्रत्यक्षात दोनच पर्यायांचा उरतो.

त्याऐवजी प्रश्न आधी मोकळा विचारा. “का ते दोन ओळींत लिहा” एवढंच. आलेल्या चिठ्ठ्या वाचा, सारख्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे करा. तीनचार गठ्ठे पडतात, क्वचित पाच. प्रत्येक गठ्ठ्यातलं सगळ्यात स्पष्ट वाक्य उचला आणि मुलाच्याच भाषेत पर्याय म्हणून ठेवा. “बल संपलं म्हणून थांबलं” असं मुलाने लिहिलं असेल तर ते तसंच ठेवा, “बलाचा ऱ्हास झाल्यामुळे” करू नका.

पुन्हा पुन्हा हाती येणाऱ्या समजुती साधारण याच: गती आहे म्हणजे गतीच्या दिशेला बल आहेच. स्थिर वेग टिकवायला स्थिर बल लागतं. जड वस्तू लवकर पडते. मोठी वस्तू लहानीवर जास्त बल लावते. टेबल, भिंत यांसारख्या निर्जीव वस्तू बल लावतच नाहीत, त्या फक्त आड येतात. गोल फिरणारा दगड दोरी तुटल्यावर बाहेरच्या बाजूला फेकला जातो, किंवा वळणातच थोडा पुढे जातो. (जातो तो सरळ रेषेत, सुटल्या क्षणीच्या वेगाच्या दिशेला.) ऊर्जा वापरली की संपते.

या समजुतींवर नीट काम झालेलं आहे. अमेरिकेत डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली बलाच्या संकल्पनांवर एक बहुपर्यायी चाचणी प्रसिद्ध केली, ‘फोर्स कॉन्सेप्ट इन्व्हेंटरी’. तिच्या आजच्या रूपात ३० प्रश्न आहेत, प्रत्येकाला पाच पर्याय, आणि आकडेमोड जवळपास नाहीच. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मझूर यांनी ती आपल्या विद्यार्थ्यांना दिली तेव्हा एकाने विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू की मला वाटतं तशी? अवघड उदाहरणं सोडवणारी ती मुलं या साध्या प्रश्नांत अडखळली, आणि मझूर यांनी शिकवण्याची पद्धतच बदलली. आपल्या वर्गात असं विचारण्याचं धाडस कोणी करत नाही, पण दोन डोकी घेऊन बसलेली मुलं आपल्याकडेही असतात.

तिसरी पायरी: प्रश्न लिहा, मग खोडा, मग पुन्हा लिहा

एका प्रश्नाची घडण दाखवतो. तिसरा नियम तपासायचा होता. माझा पहिला मसुदा: “न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार चुंबक खिळ्यावर १० न्यूटन बल लावत असेल, तर खिळा चुंबकावर किती बल लावेल?” सगळा वर्ग १० म्हणाला. म्हणणारच, नियमाचं नाव मीच घेतलं होतं. हा प्रश्न नियम पाठ आहे का एवढंच विचारतो.

दुसऱ्या मसुद्यात नियमाचं नाव काढलं, संख्या काढली, आणि “कोणाचं बल जास्त?” असं विचारून चुंबक, खिळा, सारखं, सांगता येत नाही असे चार पर्याय दिले. आता उत्तरं विखुरली, पण ‘सारखं’ म्हणणाऱ्याने ते समजून म्हटलं की तो धडा चालू आहे म्हणून, ते कळेना. ‘सांगता येत नाही’ हा तर नुसता भरतीचा पर्याय होता.

तिसरा मसुदा आजही वापरतो:

दोन सारख्या खेळण्यातल्या गाड्या गुळगुळीत टेबलावर समोरासमोर धरल्या आहेत. एकीवर मोठा लोहचुंबक बांधलाय, दुसरीवर लोखंडी खिळा. गाड्या सोडण्याआधी, त्या हातात धरलेल्या असताना:

(अ) चुंबक खिळ्याला ओढतो, खिळा चुंबकाला ओढत नाही.
(ब) दोघं एकमेकांना ओढतात, पण चुंबक जास्त बलाने ओढतो.
(क) दोघं एकमेकांना सारख्याच बलाने ओढतात.
(ड) आधी चुंबक ओढतो. गाड्या सुटून खिळा हलू लागला की मग खिळाही ओढतो.

(ड) माझ्या डोक्यातून आलेला नाही. तो एका चिठ्ठीतून आला, आणि ‘प्रतिक्रिया नंतर येते’ ही समजूत नेमकी पकडतो. (अ) निवडणाऱ्याला ‘बल फक्त बलवानच लावतो’ असं वाटतंय, (ब) निवडणाऱ्याने नियम अर्धा ऐकलाय. चुकीच्या तीन पर्यायांवर मला तीन वेगवेगळी कामं करायची आहेत. शिवाय हा प्रश्न लगेच करून दाखवता येतो: चुंबकाची गाडी धरून खिळ्याची सोडा, मग उलट करा. खिळ्याकडे धावणारा चुंबक पाहिल्यावर (अ)वाल्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

लिहिताना मी पाळतो ते नियम थोडेच. नियमाचं किंवा प्रकरणाचं नाव प्रश्नात नको. शक्यतो संख्या नकोत. संख्या दिसली की मुलांचा हात सूत्राकडे जातो आणि विचार थांबतो. बरोबर पर्याय सगळ्यात लांब आणि सगळ्यात शुद्ध मराठीतला नको, हुशार मुलं तेवढ्यावरून ओळखतात. ‘वरीलपैकी सर्व’ कधीच नको. चौथा प्रामाणिक चुकीचा पर्याय सापडत नसेल तर तीनवर थांबा.

संख्या वापरायचीच असेल तर अशी वापरा की सूत्रात नुसती टाकून भागणार नाही. “पेटी १० न्यूटन बलाने आडवी ढकलली, ती स्थिर वेगाने सरकते आहे, घर्षण किती?” बरोबर उत्तर १० न्यूटन. बरीच मुलं ‘१० पेक्षा कमी’ म्हणतात, नाहीतर पेटी पुढे कशी जाईल? नाण्याचीच समजूत, फक्त आडवी. किंवा ताणकाट्याच्या दोन्ही टोकांना दोऱ्या बांधून त्या दोन कप्प्यांवरून सोडा आणि प्रत्येकीला १ किलोग्रॅमचं वजन टांगा. काटा किती दाखवेल? मुलं २ म्हणतात, काही शून्य म्हणतात. दाखवतो १. हा प्रश्न शिक्षकांच्या खोलीतही विचारून पाहा, मात्र जरा जपून.

चौथी पायरी: कारण आणि खात्री

प्रत्येक प्रश्नाखाली दोन गोष्टी जोडा. एक, ‘कारण’ म्हणून एक ओळ. दोन, ‘ठाम’ किंवा ‘अंदाज’ यावर खूण. बरोबर आणि ठाम असेल तर पुढे जा. बरोबर पण अंदाजाने असेल तर थोडा सराव हवा. चूक पण अंदाजाने असेल तर फार काळजी नको, तिथे जागा रिकामी आहे, शिकवलं की भरेल. चूक आणि ठाम असेल तर नुसतं पुन्हा समजावून काही होत नाही; त्या मुलाला त्याचा अंदाज फसताना डोळ्यांनी पाहावा लागतो. माझा प्रयोगांचा सगळा वेळ या चौथ्या गटाला जातो.

पाचवी पायरी: बाण आणि आलेख

मुलं बोलताना जे लपवू शकतात ते चित्रात लपत नाही. बलांची आकृती काढायला सांगा, पण एका अटीवर: प्रत्येक बाणाला पूर्ण नाव हवं, ‘कोणाचं बल, कोणावर’. ‘पृथ्वीचं पुस्तकावर.’ ‘टेबलाचं पुस्तकावर.’ ज्या बाणाचा देणारा सापडत नाही तो बाण खोडायचा. नाण्याच्या आकृतीत मुलं वरचा बाण काढतात आणि नाव द्यायला लागली की अडतात. “हाताचं नाण्यावर.” हात तर लांब आहे! बरीच मुलं इथे स्वतःच बाण खोडतात. मला या विषयात सापडलेलं सगळ्यात स्वस्त औषध हेच.

या नावं देण्यानेच माझीही एक चूक पकडली. टेबलावरच्या पुस्तकाचं वजन आणि टेबलाने त्याला दिलेला आधार ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी आहे, असं मी सुरुवातीची दोन वर्षं फळ्यावर लिहून देत होतो. ती जोडी नाही. दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत, आणि टेबल झटकन काढून घेतलं तर एक नाहीसं होतं आणि दुसरं राहतं. जोडीतलं एक असताना दुसरं नाहीसं होऊच शकत नाही. ‘पृथ्वीचं पुस्तकावर’ याची जोडी ‘पुस्तकाचं पृथ्वीवर’. नाव उलटं वाचलं की जोडी मिळते. तेव्हा प्रश्नसंच मुलांना देण्याआधी स्वतः सोडवा, आणि शक्य असेल तर एका सहकाऱ्यालाही द्या.

गतीसाठी आलेख. आडव्या अक्षावर काळ, उभ्यावर भिंतीपासूनचं अंतर. रेषा आधी चढते, मग सपाट, मग उतरते. विचारा, हा मुलगा काय करतोय? “टेकडी चढला, माथ्यावर चालला, उतरला.” आलेख हे जागेचं चित्र आहे असं समजणं ही फार जुनी आणि चिवट चूक आहे. बरोबर वाचन असं: तो भिंतीपासून दूर गेला, उभा राहिला, परत आला. पर्याय देत बसू नका, आलेख चालून दाखवायला सांगा. वर्गात भिंत असतेच. सपाट रेषेवर जो चालत राहतो त्याला अजून समजलेलं नाही, एवढं सरळ आहे.

दुसरा आलेख दोन रेषा एकमेकींना छेदणारा हवा. पहिली व्यक्ती सेकंदाला २ मीटरच्या स्थिर चालीने जाते. दुसरी त्याच क्षणी, त्याच जागेवरून, थांबलेल्या अवस्थेतून निघते आणि तिचं त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. दोघी चौथ्या सेकंदाला ८ मीटरवर पुन्हा एकत्र येतात. प्रश्न: त्यांची चाल कधी सारखी होती? मुलं छेदनबिंदूवर बोट ठेवतात. तिथे जागा सारखी आहे. दुसरीची चाल तोवर ४ झालेली असते. चाल सारखी होती ती दुसऱ्या सेकंदाला, जिथे रेषांचा चढ सारखा आहे.

सरासरी चालीसाठी एकच प्रश्न पुरतो. जाताना ताशी ६० किलोमीटर, त्याच रस्त्याने येताना ताशी ४०, तर सरासरी चाल किती? ५० नाही, ४८. कारण कमी चालीवर जास्त वेळ गेला.

सहावी पायरी: ऊर्जा वेगळी हाताळा

बल दाखवता येतं, निदान बाण तरी काढता येतो. ऊर्जा दिसत नाही, तिचा हिशेब ठेवावा लागतो. म्हणून इथे मी स्तंभ काढायला लावतो: स्थितिज, गतिज आणि उष्णता असे तीन स्तंभ, आणि उंचींची बेरीज प्रत्येक क्षणी तेवढीच. उसळी मारत मारत थांबणाऱ्या चेंडूचे स्तंभ काढताना मूल तिसरा स्तंभ रिकामा ठेवून पहिले दोन लहान करत गेलं, तर त्याच्या मते ऊर्जा संपते आहे. ‘ऊर्जा नष्ट होत नाही’ हे वाक्य त्याने वहीत दहा वेळा लिहिलेलं असलं तरी.

दोन घसरगुंड्यांचा प्रश्न घ्या. दोन्ही ५ मीटर उंच आणि गुळगुळीत, एक ताठ, एक लांब आणि आडवी. इथे मी एकदा फसलो. “कोण जास्त वेगाने खाली पोचेल?” असं विचारलं आणि बहुतेकांनी ताठ म्हटलं. चर्चेत कळलं की निम्म्यांनी ‘वेगाने पोचेल’ म्हणजे ‘आधी पोचेल’ असं धरलं होतं, आणि त्या अर्थाने ते बरोबर होते. प्रश्न चुकला होता. आता दोन प्रश्न वेगळे विचारतो: “तळाला आधी कोण येतं?” आणि “तळाला आल्या क्षणी कोणाची चाल जास्त?” पहिल्याचं उत्तर ताठ. दुसऱ्याचं, दोघांची सारखीच, सेकंदाला सुमारे १० मीटर, आणि वस्तुमान कितीही असलं तरी तेवढीच.

ब्रेकचा प्रश्नही ठेवाच. ताशी ३० किलोमीटरने जाणारी गाडी ब्रेक लावल्यावर काही अंतरात थांबते. तीच गाडी ६० ने जात असेल आणि ब्रेकचं बल तेवढंच असेल, तर अंतर किती पट? दुप्पट नाही, चौपट. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते हे सूत्र म्हणून पाठ असणारी मुलंही ‘दुप्पट’ म्हणतात.

एक प्रश्न मात्र मी काढून टाकला आहे: “डोक्यावर ओझं घेऊन सपाट रस्त्यावर चालणारा माणूस कार्य करतो का?” अपेक्षित उत्तर ‘नाही’. मुलाला माहीत असतं की तो माणूस घामाघूम होतो. त्याच्या स्नायूंमध्ये ऊर्जा खर्च होतेच, हे मुलाचं म्हणणं बरोबर आहे. आपण विचारायला हवं ते नेमकं, “गुरुत्वाकर्षणाने ओझ्यावर किती कार्य केलं?” कोणत्या बलाने, कोणावर, हे न सांगता कार्याचा प्रश्न विचारला, की शहाणी मुलं चुकतात आणि पाठ करणारी बरोबर येतात.

सातवी पायरी: प्रत्यक्ष विचारताना

शिकवण्याआधी एकदा, शिकवून झाल्यावर एकदा. पहिल्या वेळी गुण देऊ नका आणि बरोबर उत्तरंही सांगू नका. कागद परत घ्या. दहा ते बारा प्रश्न, वीस-पंचवीस मिनिटं, पुष्कळ झालं.

तासात एखादाच प्रश्न विचारायचा असेल तर हात वर करायला लावू नका. हुशार मुलगा कुठे बघतोय ते बघून हात वर येतात. पर्यायाइतकी बोटं छातीशी धरायला सांगा, म्हणजे फक्त तुम्हाला दिसतील. आणि चेहरा सांभाळा. आपल्या भुवया मुलं पुस्तकापेक्षा नीट वाचतात.

मत मोजल्यावर उत्तर सांगण्याची घाई नको. साधारण ३० ते ७० टक्के मुलं बरोबर असतील, तर वेगळं उत्तर असलेल्या शेजाऱ्याला पटवायला दोन-तीन मिनिटं द्या आणि पुन्हा मत घ्या. मझूर यांची पद्धत ही अशीच आहे. बरोबर उत्तरं त्याहून कमी असतील तर चर्चेत एकमेकांच्या चुका पक्क्या होतात, थांबा आणि शिकवा. त्याहून जास्त असतील तर एक वाक्य सांगून पुढे चला.

आठवी पायरी: कागद वाचताना

एकूण गुणांची यादी करू नका, निदान आधी तरी नको. प्रश्न उभे, पर्याय आडवे असा तक्ता करा आणि प्रत्येक चौकटीत किती मुलं ते लिहा. एखाद्या चुकीच्या पर्यायावर गर्दी दिसली तर तो उद्याचा धडा. उत्तरं सगळीकडे सारखी पसरली असतील, तर बहुधा प्रश्नच कळलेला नाही, मुलांना नाही की आपल्याला नाही ते तपासा.

आधी आणि नंतर यांची तुलना करताना नुसती वजाबाकी फसवते, कारण ८० वरून ९० ला जाणं आणि २० वरून ३० ला जाणं सारखं नाही. अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड हेक यांनी १९९८ साली वापरलेलं माप सोपं आहे: वर्गाची वाढ भागिले वाढायला उरलेली जागा. वर्गाची सरासरी ४० टक्क्यांवरून ६४ वर गेली, तर वाढ २४, जागा ६०, म्हणजे ०.४. हेक यांनी ६२ अभ्यासक्रमांतल्या ६,५४२ विद्यार्थ्यांच्या निकालांवर हे माप लावलं. नेहमीच्या व्याख्यानाच्या वर्गांची सरासरी ०.२३ निघाली, मुलांना विचार करायला आणि बोलायला लावणाऱ्या वर्गांची ०.४८. पहिल्या वर्षी तुमचा आकडा ०.२ च्या आसपास आला तर खचू नका. आणि २० मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे ५ टक्के, तेव्हा दशांशांवर भांडण नको.

शेवटी एक वेळापत्रक. प्रकरण संपल्यावर लगेच घेतलेल्या चाचणीवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. तीन-चार आठवडे जाऊ द्या, मुलं ध्वनी किंवा प्रकाशात गुंतलेली असू द्या, आणि मग एके दिवशी वेगळ्या वेशातला तोच प्रश्न विचारा. उतरत्या फळीवर एक गाडी खालून वर ढकलून सोडली, ती वर जाते, क्षणभर थांबते, खाली येते. थांबली त्या क्षणी तिच्यावरचं एकूण बल शून्य आहे का? घर्षण धरू नका. जो “नाही, उताराच्या खालच्या दिशेला, जातानाही तेवढंच आणि येतानाही तेवढंच” असं म्हणेल, त्याला नाणं कळलंय.